न्यूड रंगवताना आधी वजन बघा, कातडी नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दीड वर्ष लाइफ क्लास करताय, म्हणजे समोरच्या नग्न मॉडेलवरून काढायला शिकताय, प्रमाणं बऱ्यापैकी जमायला लागलीत, पण रंगात उतरलात की अंग प्लास्टिकच्या बाहुलीसारखं गुळगुळीत गुलाबी होतं. आणि दुसरं म्हणजे घरचे विचारतात की माणूसच रंगवायचाय तर कपडे कशाला काढायला लावता, यावर तुमचं तुम्हालाच नीट उत्तर सापडत नाही. मी २६ वर्षं फिगर रंगवतेय, त्यातली १५ शिकवतेय, आणि मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत, म्हणून एकत्रच उत्तर देते. लांबेल थोडं.

तुम्ही पाठवलेली तीन चित्रं बघितली. स्टुलावर बसलेली ती पाठमोरी बाई घ्या. डोकं, मान, खांदे, पाठ, सगळं मापात आहे. पण ती बसलेली नाहीये. स्टूल आहे, बाई आहे, दोघांची भेटच झालेली नाही. स्टुलाला टेकलेली तिची कड तुम्ही छान गोल काढलीय, एकसंध, फुग्यासारखी. खरा माणूस बसला की ती गोलाई तिथे राहतच नाही, मांस चपटं होतं, बाजूला पसरतं, ज्या बाजूवर भार जास्त तिकडे जास्त पसरतं, दुसरी बाजू किंचित उचलली जाते, आणि ती उचलली गेली की कणा तिथूनच वळायला लागतो तो थेट मानेपर्यंत, खांदे उलटे कलतात. म्हणजे बुडाशी जी चपटी रेघ हवी होती तिच्यातूनच वरची अख्खी पाठ निघते. ती रेघ चुकली की वर कितीही मेहनत करा, माणूस हवेत. आणि हवेतल्या माणसाला कुठलाही रंग लावा, तो बाहुलीच दिसणार, कारण बाहुलीला वजन नसतं. तुम्हाला घोळ रंगाचा वाटतोय, पण तो सुरू झालाय त्या स्टुलावर.

उभ्या पोजमध्ये हे बघायला सोपं आहे, एक दोरा आणि खाली काहीतरी जड बांधा, झाला ओळंबा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याखाली दोन हासळ्यांच्या मध्ये जी खोबण असते तिथून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. तिथे पडत नसेल तर एकतर तुमचं चित्र चुकलंय किंवा मॉडेल कशाला तरी टेकलीय. भाराच्या बाजूचा खुबा वर जातो, मोकळ्या बाजूचा खाली येतो, आणि पडू नये म्हणून शरीर त्याच भाराच्या बाजूचा खांदा खाली घेतं. म्हणजे एका बाजूला खुबा आणि खांदा जवळ येतात, कंबरेला घडी पडते, दुसरी बाजू ताणली जाते. हे काही कोणी बसून शोधलेलं सौंदर्यशास्त्र नाहीये, ही तोल सांभाळायची धडपड आहे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात पॉलिक्लीटस नावाच्या ग्रीक शिल्पकाराने भालाधारी पुरुषाच्या पुतळ्यात ती पक्की बसवली, त्याचा मूळ ब्राँझ गेला पण रोमन लोकांनी केलेल्या संगमरवरी नकला राहिल्या, आणि पुढे शेकडो वर्षं युरोपातला प्रत्येक चित्रकार त्याच एका पायावर उभा राहायला शिकला.

टेकलेल्या हाताकडेही असंच बघा. हात मागे टेकून बसलेली पोज असली की खांदा कानाकडे वर ढकलला जातो, मनगटाशी घड्या पडतात, तळवा पसरतो. बहुतेक जण तो हात नुसता लोंबता ठेवल्यासारखा काढतात आणि खांदा आपल्या जागी शहाण्यासारखा बसलेला असतो. आडव्या पोजमध्ये तर सगळंच वाहतं, पोट खालच्या बाजूला सरकतं, स्तन बगलेकडे जातात, गालसुद्धा उशीवर चपटा होतो. जुन्या मोठ्या चित्रांमध्येही आडव्या बायकांचे स्तन उभ्या बाईसारखे गोल आणि वर तोंड करून ठेवलेले दिसतील, तिथे समजायचं की चित्रकाराने बघून नाही, पुतळ्यावरून किंवा मनाने काढलंय.

आता एक प्रसंग सांगते, कारण मला हे वजनाचं प्रकरण खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं. मी वर्ग घेत होते, उभी पोज लावली होती २० मिनिटांची, दोन्ही पाय सरळ, हात डोक्यामागे. मॉडेल अनुभवी होती. बारा-तेरा मिनिटं झाली असतील, मी ईझलांच्या मागून फिरत होते, कोणाचा टोन बघ, कोणाची रेघ बघ. एका मुलीने पावलांसाठी चांगला गडद जांभळट लाल कालवला होता, मी तिला म्हटलं एवढा जांभळा कुठे दिसला तुला, ती म्हणाली आहे तिथे, बघा ना. मी वर बघितलं तर खरंच पावलं घोट्यापर्यंत जांभळट झाली होती, पायावरच्या शिरा फुगून आल्या होत्या, आणि चेहरा, तो पांढरा पडत चालला होता. मी थांबा, बसा म्हणेपर्यंत ती खाली गेली. नशिबाने डोक्याला लागलं नाही, आडवं करून पाय उंच ठेवले, थोड्या वेळाने सावरली. गुडघे ताठ ठेवून हालचाल न करता उभं राहिलं की पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीच्या स्नायूंची जी मदत लागते ती मिळत नाही, रक्त खाली साठतं, डोक्याला कमी पडतं. हे मला माहीत होतं. पोज लावताना मी हातांची रचना बघत होते, मागची भिंत बघत होते, गुडघे बघितलेच नव्हते. अख्ख्या वर्गात त्या एका मुलीला वजन कुठे साठलंय ते दिसलं होतं आणि मी तिलाच चुकीचं ठरवत होते. तेव्हापासून पोज लावताना मी स्वतः आधी दोन मिनिटं तशी उभी राहून बघते, मग सांगते.

तर रंग. अंगाचा रंग म्हणून एक ट्यूब किंवा एक मिश्रण शोधताय ना, ते सोडा. अंगाला एक रंग नसतोच, आणि जो असतो तो पोज चालू असताना बदलतो. लोंबत्या हाताची बोटं दहा मिनिटांत लालसर होतात, तोच हात डोक्यावर ठेवला तर फिका पडतो. टेकलेल्या जागी दाबाने रक्त निघून जातं, तिथे पिवळट पांढरं होतं, आणि पोज बदलली की तीच जागा लालभडक होते. कोपर, गुडघे, टाचा, हाताची बोटं, कान, नाक, इथे लाली जास्त. पोट, मांडीची आतली बाजू, स्तन, जिथे ऊन पोचत नाही तिथे रंग उजळ आणि थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणारा, कातडी पातळ असेल तर खालच्या शिरांची निळसर हिरवट झाक. मानेपासून हासळीपर्यंत उन्हाने रापलेला पट्टा आणि खाली एकदम वेगळा रंग, ही तर कपड्यांची आठवण असते अंगावर. एवढं सगळं एका गुलाबीत घालून गुळगुळीत घोटलं की काय होणार, बाहुलीच होणार.

त्यात टायटॅनियम व्हाइट. तुमच्या चित्रात उजेडाचा प्रत्येक भाग पांढरा घालून उजळ केलाय आणि टायटॅनियम हा फार जोरकस, थंड पांढरा आहे, जरा जास्त झाला की सगळं खडूसारखं होतं. उजेडाकडे जाताना नुसता पांढरा नका घालू, थोडा यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, थोडा लाल घेऊन जा. एक महिना चारच रंग वापरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन किंवा त्याच्या जागी कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याच्या नावाने हा पॅलेट ओळखला जातो. यात निळा नाही, पण काळ्यात पांढरा मिसळला की जो राखाडी होतो तो लाल-पिवळ्याच्या शेजारी निळा दिसतो, आणि अंगातला थंड भाग त्याच्यावर आरामात निघतो. मॉडेल सावळी किंवा काळी असेल तर व्हर्मिलियनऐवजी बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, आणि काळ्याऐवजी अल्ट्रामरिन, म्हणजे गडद निळा, घेऊन बघा, तिथे मुख्य चूक अशी होते की लोक गोऱ्या अंगाच्या हिशोबाने उजेड पांढऱ्याकडे नेतात आणि कातडी राखेसारखी होते. गडद कातडीवर हायलाइट छोटे, धारदार असतात आणि खिडकीच्या प्रकाशाचा रंग घेऊन येतात, बऱ्याचदा चक्क निळसर, आणि खरी श्रीमंती मधल्या टोनमध्ये असते, तिथे लाल, जांभळा, ऑलिव्ह सगळं सापडतं.

जुने इटालियन चित्रकार टेम्परात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात, अंग रंगवायच्या आधी खाली हिरव्या मातीचा थर द्यायचे आणि वर गुलाबी चढवायचे, म्हणजे मधल्या टोनमध्ये खालचा हिरवा हळूच डोकावायचा. काही जुन्या चित्रांत वरचा गुलाबी झिजून गेलाय आणि चेहरे हिरवे दिसतात, ते त्यामुळेच. लूशियन फ्रॉइड या ब्रिटिश चित्रकाराने सत्तरच्या दशकापासून क्रेम्निट्झ व्हाइट वापरला, शिशाचा जड, दाट पांढरा, आणि त्याच्या उतारवयातल्या चित्रात अंगावर रंगाचे अक्षरशः दाणे साठलेले दिसतात. १९९५ चं त्याचं ते सोफ्यावर झोपलेल्या लठ्ठ बाईचं चित्र बघा, मी मुलांना ते नेहमी दाखवते, तिथे सोफा आणि बाई यांची गाठ पडलेली आहे, तिचा हात, पोट, गाल, सगळं कशावर तरी विसावलंय. तो पांढरा विषारी असतो हे मात्र लक्षात ठेवा, शिकताना त्याच्या वाटेला जायची काही गरज नाही.

मला वजनाचा सगळ्यात मोठा गुरू डच चित्रकार रेम्ब्रांट वाटतो. साधारण १६३१ ची त्याची एक एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, मातीच्या उंचवट्यावर बसलेली नग्न बाई, पोट सुटलेलं, आणि पायावर मोजे बांधायच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले. त्याच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये आंद्रिस पेल्स नावाच्या डच कवीने यावरच त्याला झोडपलं, की हा सौंदर्यदेवता ग्रीक व्हीनस सोडून धोबीण निवडतो आणि तिच्या पोटावरचे चोळीच्या नाड्यांचे आणि पायावरच्या पट्ट्यांचे वळसुद्धा काढतो. मला ती टीका वाचली की उलट वाटतं की बरोबर ओळखलंत. ते वळ म्हणजे ही बाई पाच मिनिटांपूर्वी कपड्यांत होती आणि पाच मिनिटांनी परत कपडे घालून घरी जाणार आहे. तिला दिवस आहे, काम आहे. पुढे १६५४ मध्ये त्याने बायबलमधली बाथशेबा रंगवली, पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, जवळजवळ दीड मीटर चौरस. राजाने बोलावणं पाठवलंय, पत्र हातात आहे, नवरा लढाईवर आहे, आणि ती नुसती बसलीय. चेहऱ्यावर जे आहे ते तर आहेच पण मला तिचं बसणं जास्त बोलतं, ते सगळं ओझं पोटात उतरून खाली गेल्यासारखं आहे. कपडे घातलेल्या बाथशेबात हे दाखवता आलं नसतं असं मी म्हणणार नाही, पण इतक्या कमी शब्दांत नसतं आलं.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कपडे का काढायचे. एक उत्तर अगदी व्यवहाराचं आहे. कपडा चुका लपवतो, तुमच्याही आणि शरीराच्याही. खुबा कुठे आहे, गुडघा कुठल्या दिशेला आहे, भार कुठल्या पायावर आहे हे पायघोळ कपड्याखाली अंदाजाने काढावं लागतं आणि अंदाज चुकला तरी चार चुण्या टाकून भागतं. चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या इटलीच्या आल्बर्तीने १४३५ मध्येच चित्रकारांना सांगून ठेवलंय की आधी हाडं बसवा, मग स्नायू, मग मांस-कातडी, आणि कपड्यातला माणूस काढायचा असेल तर आधी नग्न काढून मग कपडे चढवा. घरच्यांना दाखवायला एक छान उदाहरण देते. फ्रेंच चित्रकार जाक-लुई डाव्हिदने १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीतल्या टेनिस कोर्टवरच्या शपथेचं प्रचंड चित्र घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं, आणि त्या अर्धवट कॅनव्हासवर काही राजकारण्यांची पूर्ण रंगवलेली डोकी आहेत आणि खाली सगळी शरीरं नग्न आखलेली आहेत, हात वर करून शपथ घेताना. त्यात कामुक काहीच नाही. त्यांना कोट चढवायचेच होते, पण आधी ते जमिनीवर नीट उभे राहायला हवे होते.

पण एवढंच सांगून मी सुटका करून घेणार नाही, कारण घरच्यांचा खरा प्रश्न तो नसतो. आपल्या शब्दांतच बघा, नागडा म्हटलं की राग किंवा शरम येते, उघडा म्हणजे नुसता सदरा काढलेला, विवस्त्र म्हटलं की कोणीतरी वस्त्रं ओढून घेतल्यासारखं वाटतं, नग्न हा जरा पुस्तकी. म्हणून चित्रकलेच्या वर्गात सगळे सरळ न्यूड म्हणून मोकळे होतात, त्या शब्दाला आपल्याकडचं काही चिकटलेलं नाही. प्रश्न तोच राहतो, की यात वासना आहे की नाही. मी विद्यार्थ्यांना कधीच सांगत नाही की नाही म्हणून. इटालियन चित्रकार टिशियनने १५३८ मध्ये जी व्हीनस पूर्ण केली, फ्लॉरेन्सच्या उफिझीमधली, ती बघून कोणाला काही वाटत नाही असं म्हणणं खोटं आहे. देह आहे तिथे ओढ असणार. कोणी मुद्दाम ओढीचंच चित्र काढावं, मला त्यातही गैर वाटत नाही. माझी कसोटी वेगळी आहे, चित्र बघून झाल्यावर समोर माणूस उरतो का.

हे नीट कळायला दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. १८६३ मध्ये पॅरिसच्या सलोनात, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, काबानेल या फ्रेंच चित्रकाराची व्हीनस लागली, समुद्राच्या लाटेवर पहुडलेली, डोळे अर्धे मिटलेले, वर गुबगुबीत बाळं उडतायत. लोकांना आवडली, सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ती विकत घेतली. त्याच १८६३ साली एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने ऑलिंपिया रंगवली, ती १८६५ च्या सलोनात लागली आणि असा गदारोळ झाला की चित्राला पहारा द्यावा लागला, मग ते उंच नेऊन टांगलं. अंगावर कपडे दोघींच्याही नाहीत. काबानेलची बाई पाण्यावर झोपलीय आणि पाणी दबतसुद्धा नाही, तिला वजनच नाही, तुम्ही तिच्याकडे हवं तितका वेळ बघा, ती परत बघणार नाही. ऑलिंपिया पलंगावर आहे, कोपर उशीवर टेकलंय, पंजा मांडीवर घट्ट दाबून ठेवलाय, आणि ती सरळ तुमच्याकडे बघतेय. वजन असलेली बाई लोकांना सहन झाली नाही असं मला वाटतं. तिच्यासाठी पोज दिलेली व्हिक्टोरीन मरें पुढे स्वतः चित्रकार झाली आणि तिचीही चित्रं सलोनात लागली, हे फार कमी जणांना माहीत असतं.

यात बायकांचा इतिहास वेगळाच आहे आणि तो मला टोचतो म्हणून थोडक्यात सांगतेच. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ मध्ये सुरू झाली तेव्हा संस्थापकांमध्ये अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी चित्रकार बायका होत्या. पुढे झोफानी या चित्रकाराने सभासदांचं लाइफ क्लासमधलं समूहचित्र काढलं, त्यात पुरुष मॉडेलभोवती जमलेले, आणि या दोघी मात्र भिंतीवर टांगलेली पोर्ट्रेट म्हणून. खोलीत नग्न पुरुष मॉडेल होता ना. तिथल्या विद्यार्थिनींना लाइफ क्लासमध्ये बसायला १८९३ उजाडलं, तेही मॉडेलच्या कमरेला कापड गुंडाळून. अमेरिकेत टॉमस ईकिन्स या चित्रकार-शिक्षकाने मुली हजर असताना पुरुष मॉडेलचं ते कापड काढलं, त्याला १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनिया अकॅडमी सोडावी लागली. आणि ज्या काळात मोठी म्हणून गणली जाणारी चित्रं म्हणजे इतिहास-पुराणातली, माणसांनी भरलेली चित्रं, त्या काळात शरीर शिकू न देणं म्हणजे चित्रकारच होऊ न देणं. म्हणून १९०६ मध्ये जर्मन चित्रकार पाउला मोडरझोन-बेकरने स्वतःचं उघडं शरीर रंगवलं, अमृता शेरगिलने १९३३ मध्ये आपल्या झोपलेल्या बहिणीचं न्यूड केलं, तेव्हा बघणारी नजर आतल्या बाजूची, म्हणजे बाईची, होती. अमेरिकन चित्रकार ॲलिस नीलने १९८० मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, स्वतःचं खुर्चीत नग्न बसलेलं चित्र पूर्ण केलं, डोळ्यावर चष्मा, हातात ब्रश, पोट आणि स्तन खाली ओघळलेले. वजन रंगवायचं म्हणजे काय हे शिकायचं तर त्या चित्रासमोर अर्धा तास बसा.

आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो समोरचा माणूस. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मॉडेलला हात लावून पोज दुरुस्त करायची नाही, कधीच नाही, तोंडाने सांगायचं किंवा स्वतः तशी पोज करून दाखवायची. तिच्या शरीरावर शेरा मारायचा नाही, चांगलाही नाही, किती सुंदर पाठ वगैरे काही नाही, बोलायचं ते चित्रातल्या पाठीबद्दल. फोन पिशवीत. कपडे बदलायला आडोसा आणि मधल्या वेळात अंगावर घ्यायला गाऊन. खोली तुम्हाला किंचित गरम वाटली पाहिजे तरच तिला बरोबर वाटते. चित्र प्रदर्शनात लागणार असेल, नेटवर जाणार असेल, चेहरा ओळखू येणार असेल, तर आधी विचारायचं आणि लिहून घ्यायचं, नंतर नाही. लांब पोजमध्ये ब्रेकच्या आधी टेकलेल्या जागांभोवती खडूने किंवा टेपने खुणा करायच्या, पावलं, हात, नितंबाची कड, म्हणजे परत आल्यावर तिला तीच जागा सापडते. आणि एक सांगते, वीस मिनिटांनंतर पोज थोडी खचणारच. खांदा बोटभर खाली येतो, पोट सैल पडतं. नवखे लोक मॉडेलला परत वर घ्या म्हणून सांगतात. मी म्हणते थांबा, पहिल्या पाच मिनिटांत ती पोज देत होती, आता ती बसलीय. खचलेली पोज काढा.

फोटोवरून केलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. नाईलाज असेल तर करा, पण शिकायच्या काळात टाळा. दोन डोळ्यांनी आपल्याला वस्तूच्या दोन्ही कडांच्या थोडं पलीकडचं दिसतं, म्हणून गोलाई कळते, कॅमेऱ्याला एकच डोळा. सावलीतले सगळे बारीक टोन तो काळे करतो किंवा उजेड पांढरा फटक करतो, आणि फोनच्या कॅमेऱ्याने जवळून काढलं तर पुढचा गुडघा डोक्याएवढा येतो. शिवाय पडद्यावर सध्या जी शरीरं दिसतात त्यांची कातडी आधीच कोणीतरी घोटून ठेवलेली असते, मला शंका आहे की तुमच्या चित्रातली ती बाहुली तिथूनच आलीय. मॉडेल नसेल त्या दिवशी आरसा आहे. स्वतःचा पाय खुर्चीवर ठेवून काढा, स्वतःचा हात टेबलावर दाबून काढा, पोटावरचे इलॅस्टिकचे वळ काढा.

आता पुढच्या क्लासला एवढंच करा. बसलेली किंवा आडवी पोज आली की पहिली दहा मिनिटं बाह्यरेषा काढूच नका, चारकोल आडवा धरून फक्त टेकलेल्या जागांची ठिगळं काढा, बूड स्टुलावर जिथे टेकलंय ते, मांडीचा दबलेला भाग, टाच, चवडा, तळवा, जे जे कशावर तरी दाबलं गेलंय ते, जास्त दाब तिथे गडद. मग शेजारच्याला कागद दाखवून विचारा पोज काय होती. त्याने बरोबर सांगितलं तर तिथून वर चढा, ठिगळापासून खुबा, खुब्यापासून कणा, कण्यापासून मान, डोकं सगळ्यात शेवटी. रंग घेताना टेकलेल्या जागेचा रंग आधी कालवा, तिथल्या पिवळट, लाल, जांभळ्यावरून बाकीच्या अंगाचं ठरवा. आणि स्टुलावरची ती पाठमोरी बाई परत काढलीत की मला पाठवा, मी आधी स्टुलाची रेघ बघणार आहे.